ब्रेकची वेणी

स्टेनलेस स्टील या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द सौ.चा असतो. पहिलाही तिचाच असतो, पण तो मुद्दा वेगळा. लग्नात आलेली पातेली, बारशाच्या वाट्या, जुन्या पँटी देऊन बोहारणीशी दीड दीड तास हुज्जत घालून मिळवलेली ताटं, आणि या सगळ्यांवर टिंबं टिंबं पाडून घातलेली नावं, असा मोठा दप्तरखाना तिच्या ताब्यात आहे. नात्यातल्या कुणाच्या लग्नाची तारीख हवी असेल तर ती डायरी शोधत नाही. डब्याचं झाकण उलटं करून वाचते.

त्यामुळे एका रविवारी सकाळी आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपल्या फियाटला स्टेनलेस स्टीलच्या ब्रेक लाइन टाकून घेऊ या. ब्रेडेड," तेव्हा मी पेपर खाली ठेवायच्या आत स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "कितीला पडतात? आणि नाव घालून देतात का?"

'ब्रेडेड' हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांसमोर पावाच्या चुऱ्यात घोळवलेलं कटलेट आलं. चिरंजिवांनी खुलासा केला की यात पावाचा संबंध नाही. ब्रेडेड म्हणजे वेणी घातलेली. ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी जी रबरी नळी असते, तिच्या जागी बाहेरून बारीक तारांची वेणी असलेली नळी बसवायची. ती फुगत नाही, ब्रेक घट्ट लागतो, शिवाय दिसायला चकाचक.

"चालतंय ना आहे ते?" मी विचारलं.

"चालतंय."

"मग?"

हा 'मग' मी आयुष्यभर वापरत आलो आहे. नळ गळायचा तेव्हा वापरला, चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा वापरला. फार टिकाऊ शब्द आहे. तो मला कुठे नेऊन सोडणार होता हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आमची फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. पुढे तिचं बारसं होऊन ती पद्मिनी झाली. पण सासरचं नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तसे आम्ही तिला फियाटच म्हणत राहिलो. नंबर लावून वाट बघून मिळालेली गाडी. ती आली तेव्हा आम्ही वाशीला राहायला आलेलो होतो आणि सगळे नातेवाईक आम्हांला "तिकडे पाणी असतं का हो?" असं विचारत होते.

त्यांचंही चुकत नव्हतं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको निघाली, १९७३ साली ठाण्याच्या खाडीवरचा पूल झाला. पण वाशीला रेल्वे यायला १९९२ चा मे महिना उजाडावा लागला. त्यामुळे मधली वर्षं बस किंवा फियाट. त्या गाडीनं मुलाला दवाखान्यात नेलं, मुलीला परीक्षेला नेलं आणि शेजाऱ्यांच्या आईला अस्थिविसर्जनासाठी नाशिकला नेलं. अशा गाडीला आपण मोटार म्हणत नाही, घरातलं माणूस म्हणतो. आणि घरातल्या माणसाची तब्येत आपण कधी विचारत नाही.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या दिवसापासून चिरंजिवांना आमच्या गाडीत पुरातत्त्व दिसू लागलं. वेणीचा विषय तिथूनच निघाला.

त्यानंतरच्या ऑगस्टात आम्ही पुण्याहून परत येत होतो. चिरंजीव शेजारी, मागे सौ. आणि सहा वर्षांची नात. गाडी मी चालवत होतो, कारण "माझी गाडी मला कळते" असं मी सकाळीच जाहीर केलं होतं. जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरताना वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, अशी आख्यायिका आहे. येणारे-जाणारे गाडीतून तिथे नाणं टाकतात. सौ.नं पाचाचं नाणं टाकलं.

थोडं पुढे गेल्यावर जळका वास येऊ लागला. "ट्रकवाल्यांचे लायनर जळताहेत," मी जाणकारपणानं म्हणालो. गाडीही जराशी डावीकडे ओढत होती. ते मी रस्त्याच्या उतारावर ढकललं. पुढच्या वळणावर टोमॅटोचा टेम्पो दिसला म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, आणि पेडल काही विरोध न करता जमिनीला टेकलं. पायरी आहे असं समजून अंधारात पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा जमीन.

त्या तीन-चार सेकंदांत मी काय केलं ते चिरंजीव अजून लोकांना सांगतात. मला स्वतःला आठवत नाही. गिअर खाली घातला असावा, कारण फियाटचा गिअर स्टिअरिंगलाच असतो आणि माझ्या हाताला त्याची चाळीस वर्षांची सवय आहे. हँडब्रेक चिरंजिवांनी ओढला. डाव्या बाजूला रस्तादुरुस्तीची खडी टाकलेली होती. गाडी त्या ढिगाऱ्यात शिरली, थोडी वर चढली आणि एखाद्या थकलेल्या म्हशीसारखी बसली.

कुणाला खरचटलंही नाही. नात म्हणाली, "आजोबा, परत!" मागचं दार उघडलं गेलं होतं आणि त्यातून लाडवांचा स्टीलचा डबा बाहेर पडून घाट उतरत चालला होता. त्यालाही ब्रेक नव्हता. सौ. एक अक्षर बोलली नाही. ती बोलली नाही, यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं. पंधरा मिनिटांनी खालच्या वळणावरून एक मोटारसायकलवाला तो डबा घेऊन वर आला आणि झाकणावरचं नाव वाचून "हे तुम्हीच का?" म्हणून विचारू लागला. नाव घालून का घ्यायचं असतं, ते मला लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनी समजलं.

खडीवर बसल्या बसल्या खोऱ्यातून रेल्वेचा आवाज आला. बोरघाटाची ही रेल्वे १८६३ सालची. घाट उतरताना गाड्यांना जागोजागी नेमानं थांबावं लागतं. तिथे मुख्य रुळापासून एक आडमार्ग काढलेला असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. तो मुद्दाम डोंगरावर चढवलेला असतो. गाडी ठरल्याप्रमाणे थांबली तर तिला पुढची वाट मिळते. थांबली नाही तर ती त्या चढावर जाते आणि आपल्याच वजनानं थांबते. म्हणजे आधी थांबता येतं हे सिद्ध करा, मग पुढे जा. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांना जे कळलं होतं ते मला सत्तरीत खडीच्या ढिगावर कळलं.

अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट झालं, जणू काही झालंच नव्हतं. तरी आम्ही गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर घालूनच तुर्भ्याला आणली.

तुर्भ्याचे आमचे मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे. गाडीला ते पेशंट समजतात आणि मालकाला पेशंटचा निष्काळजी नातेवाईक. त्यांनी पुढचं डावं चाक उतरवलं, ड्रमला हात लावला, नळी काढली आणि ब्लेडनं मधोमध कापून माझ्या पुढ्यात धरली. बाहेरून नळी शाबूत. आतून रबर सुजून, सुटून, भोक सुईएवढं उरलेलं.

"साहेब, पायाच्या जोरानं तेल आत जात होतं. परत यायला जोर कुणाचा? म्हणून ते अडकून बसलं. ब्रेक लागला तो सुटलाच नाही. घाटभर चाक ब्रेक लावून फिरलं, ड्रम तापला, तेल उकळलं, त्याची वाफ झाली. वाफेवर पाय दिला की पाय जमिनीलाच जाणार."

"मग नंतर घट्ट कसं झालं?"

"गार झालं की वाफेचं परत तेल." मग त्यांनी मास्टर सिलिंडरची बाटली उघडून मला दाखवली. आतला ऐवज काढ्यासारखा होता. "तेल कधी बदललं होतं?"

मी छताकडे पाहिलं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं, हे मी ऐकून होतो. डॉट तीन जातीचं कोरं तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही; पण त्यात पाणी मुरत गेलं की तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. वाशीच्या हवेत तर जूनपासून पापडही पाणी पितात. माझं तेल किती वर्षं पीत होतं, हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही.

मी त्या कापलेल्या नळीकडेच बघत होतो, कारण ते चित्र मी आधी पाहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या छातीतली एक नळी मला दाखवली होती. तीही अशीच. तेव्हाही जिना चढताना धाप लागत होती आणि मी "चालतंय ना? मग?" असं म्हणत आठ महिने काढले होते. तिथे त्यांनी जाळी बसवली. हृदयाच्या नळीत जाळी बसवण्याचा पहिला प्रयोग १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे झाक प्युएल या डॉक्टरांनी केला. ती जाळी स्टेनलेस स्टीलच्या तारांची विणलेली होती. हल्ली दुसरे मिश्रधातू वापरतात, पण कल्पना तीच. म्हणजे वेणी मला आधीच घातलेली होती, फक्त आतून. नळी मिटू नये म्हणून ती आत. गाडीची नळी फुगू नये म्हणून बाहेर.

त्या रात्रीपासून मी ब्रेकचा इतिहास वाचायला घेतला. आपलं चुकलं की माणूस इतिहास वाचतो. बाकीच्या वेळी भविष्य.

आमचे आजोबा सांगत की बैलगाडी घाट उतरू लागली की मागे एक ओंडका दोरानं बांधून फरफटत आणायचे. ब्रेकचा तो एक प्रकार. सुरुवातीच्या मोटारींना सळया आणि तारा असत: पेडल दाबलं की तार खेचली जाई. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणाच्या ठेवणं म्हणजे चार भावांत वाटणी सारखी करणं. एक जरा सैल राहिला की गाडी दुसऱ्याच्या बाजूला पळणार. त्यावर माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९१७ च्या सुमारास तेलाच्या ब्रेकचं पेटंट मागितलं. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. तार पक्षपात करते, तेल करत नाही. या माल्कमच्या आडनावाचं मूळ स्पेलिंग असं होतं की लोक 'लॉगहेड' वाचत. लॉग म्हणजे ओंडका. तेव्हा त्यानं कंपनीला नाव देताना उच्चाराप्रमाणे स्पेलिंग करून टाकलं. त्याच्या भावाच्या विमानांनी पुढे तेच नाव जगभर नेलं. मला मात्र आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: आजोबांच्या ब्रेकपासून अमेरिकेच्या ब्रेकपर्यंत ओंडका काही सुटला नव्हता.

१९२१ साली ड्यूसेनबर्ग या ऐटबाज गाडीला चारी चाकांना तेलाचे ब्रेक आले. १९२४ साली क्रायसलरनं ते आवाक्यातल्या गाडीत आणले आणि गळणाऱ्या कातडी वॉशरांच्या जागी रबर वापरलं. हेन्री फोर्डचा मात्र तेलावर विश्वास नव्हता. पेडलपासून चाकापर्यंत सरळ पोलाद असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. १९३९ च्या मॉडेलापर्यंत तो सळयांवरच अडून राहिला. जगात "चालतंय ना? मग?" म्हणणारा मी एकटाच नाही, हे वाचून फार बरं वाटलं.

आता चाक वरखाली होतं, वळतं. म्हणून पत्र्याची ताठ नळी चाकापर्यंत नेता येत नाही. शेवटचे वीतभर अंतर लवचीक नळीच लागते. ती रबराची. टायरमधली हवा तीस पौंडांच्या आसपास असते, पण जोरात ब्रेक मारला की या नळीत दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात दाब जातो. रबर किंचित फुगतं, आणि आपल्या पायाचा थोडा जोर चाक थांबवण्याऐवजी नळी फुगवण्यात जातो. म्हणून रबराच्या पोटातही धाग्याची वेणी घातलेली असते. ती दिसत नाही, इतकंच.

पोलादी वेणीचा जन्म तीन अपघातांतून झाला असं म्हणायला हरकत नाही. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता. बंदुका राहिल्या बाजूला, न गंजणारं पोलाद हाती लागलं आणि त्याच्या सुऱ्या झाल्या. १९३८ च्या एप्रिलात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेट या सत्तावीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञानं वायूच्या टाकीची तोटी उघडली तर वायू येईना. टाकीचं वजन तर भरलेल्याचं. शेवटी टाकी करवतीनं कापली, तेव्हा आत पांढरी, मेणचट, घसरडी भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन. पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेगवारनं ते मासेमारीच्या सामानाला लावलं. "माझ्या भांड्याला लाव," असं त्याच्या बायकोनं सुचवलं आणि १९५४ साली न चिकटणारा तवा झाला. आत टेफ्लॉनची नळी, बाहेर पोलादी तारांची वेणी, ही जोडी आधी विमानांत गेली, कारण विमानात तेलाची नळी फुटली तर रस्त्याकडेला खडी नसते. विमानांतून ती शर्यतीच्या मोटारींत आली. इंग्लंडमध्ये गुडरिज नावाची कंपनी १९६९ पासून याच धंद्यात आहे. तिसरा अपघात आमचा.

हे सगळं मी जेवताना वाचून दाखवलं. सौ.नं आमटी वाढता वाढता निकाल दिला, "म्हणजे आतून नॉनस्टिक तवा आणि बाहेरून स्टीलचं भांडं. सगळं माझ्याच स्वयंपाकघरातलं. मग एवढे दिवस नको का म्हणत होता?"

मिस्त्रींना वेणीचं फार कौतुक नव्हतं. "साहेब, नवी रबरी नळी आणि ताजं तेल घातलं तरी तुमचा ब्रेक आत्तापेक्षा दसपट बरा लागेल. पोलादी टाकलीत तर पेडल आणखी जरा कडक येईल, इतकंच. रस्त्यावर गाडी थांबते ती शेवटी टायरवर. आणि ही वेणी कुठे घासू द्यायची नाही. ज्याला घासेल त्याला कानशीसारखी खाते. आत काय चाललंय ते हिच्यातही बाहेरून दिसत नाही." चिरंजिवांचा चेहरा उतरला. मग मिस्त्रीच म्हणाले, "पण टाका. चांगल्या ठिकाणची, दाबाची परीक्षा झालेली टाका. बाजारातली चमकणारी स्वस्त नळी आणलीत तर मी बसवणार नाही."

फियाटची तयार नळी कुठे मिळेना. चिरंजिवांनी मापं देऊन करवून घेतल्या. पारदर्शक आवरणातल्या त्या बारीक वेण्या पाहून नात म्हणाली, "रिबीन कुठेय?" नव्या नळ्या बसल्या, जुनं तेल गेलं, नवं आलं. हवा काढायला मिस्त्री चाकाशी आणि मी पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." तासभर हे चाललं. डॉक्टरही असंच म्हणाले होते: श्वास घ्या, धरा, सोडा.

पहिला ब्रेक मी गॅरेजसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर मारला. पेडल अर्ध्यातच थांबलं, कडक, भरवशाचं. श्रेय वेणीचं की तेलाचं, हा वाद चिरंजीव आणि मिस्त्री यांच्यात अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही. माझं मत असं की श्रेय खडीचं.

गाडीची किल्ली आमच्याकडे दाराजवळच्या फळीवर एका वाटीत असते. परवा किल्ली उचलली तर वाटी निराळी दिसली. स्टीलची, चांगल्यातली. सौ.नं भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून तीवर दोन ओळी घालून आणल्या होत्या. पहिली: 'ब्रेकचं तेल', आणि पुढे बदलायची तारीख. दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि हृदयाच्या तपासणीची तारीख.

"अगं, पण या तारखा दर वेळी बदलणार. मग?" मी म्हणालो.

"मग काय?" ती म्हणाली, "दर वेळी नवी वाटी. तुमच्या जुन्या पँटी आहेत की."